दीड हजार वस्तीचं गाव, त्याचा फुटबॉल क्लब आणि १४ ऑगस्ट १९९४

आइशकाठ

आम्ही जर्मनीत एरलांगेनला राहायला आलो त्याला आठ वर्षं झाली. मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर शेजारच्या गावातल्या क्लबात त्याचं नाव घातलं. तेव्हापासून दर शनिवारी मी मैदानाच्या कडेला उभी असते. मैदान राखणारे एक आजोबा आहेत, सत्तरी कधीच ओलांडलेली. पांढऱ्या रेषा मारायची गाडी ढकलता ढकलता एकदा त्यांनी विचारलं, "ग्रॉइट ठाऊक आहे का तुला?" मला ठाऊक नव्हतं. त्यांनी गाडी तिथेच सोडली आणि रेषा अर्धवट ठेवून मला सगळी गोष्ट सांगितली. मग मी वाचत गेले, भेटेल त्याला विचारत गेले आणि गेल्या महिन्यात तिथे जाऊनही आले. हा धागा त्यासाठीच.

गावाचं पूर्ण नाव फेस्टेनबर्ग्सग्रॉइट. बोलताना सगळे नुसतं ग्रॉइट म्हणतात. झाडं तोडून, मुळं उपटून लागवडीसाठी मोकळी केलेली जमीन, असा या शब्दाचा अर्थ. इकडच्या कितीतरी गावांच्या नावांत तो येतो. गाव बव्हेरियात आहे, पण माणसं स्वतःला आधी फ्रँकोनियाची, म्हणजे बव्हेरियाच्या उत्तरेकडच्या भागाची समजतात, बव्हेरियाची मागाहून. आजूबाजूला आइश नदीचं खोरं आणि कार्प माशांची तळी. ज्या महिन्यांच्या नावात 'र' येतो, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, तेव्हाच इथे कार्प खायचा असा रिवाज आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे चहा. आपला आसाम-दार्जिलिंगचा नव्हे, तर पुदिना, कॅमोमाइल अशा वनस्पतींचा. या मालाचा व्यापार आणि प्रक्रिया करणारी मार्टिन बाउअर ही कंपनी १९३० सालची आणि याच गावातली. आज जगभर पसरली, तरी मुख्य कचेरी इथेच.

गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास. क्लब स्थापन झाला १९७४ साली, नाव टीएसव्ही फेस्टेनबर्ग्सग्रॉइट. जर्मनीतले पुष्कळ क्लब शंभर-सव्वाशे वर्षांचे आहेत, त्या मानाने हा अगदी कालचा. सुरुवात अर्थातच तळाच्या वर्गातून. तिथे समोरचा संघ म्हणजे चार मैलांवरचं दुसरं गाव, आणि प्रेक्षक म्हणजे दोन्हीकडची घरची माणसं. तिथून एकेक पायरी चढत १९८७ साली क्लब बायर्नलीगात पोचला. ही बव्हेरिया राज्याची सर्वांत वरची हौशी लीग. १९९४ मध्ये जर्मनीत प्रादेशिक लीग नव्याने सुरू झाल्या आणि देशातला तिसरा स्तर त्यांच्याकडे आला. दक्षिणेच्या लीगमध्ये ग्रॉइटला जागा मिळाली. वीस वर्षांत तळापासून तिसऱ्या स्तरापर्यंत.

त्याच वर्षी जर्मन कपच्या पहिल्या फेरीत सोडतीत त्यांच्या वाट्याला आला बायर्न म्युनिक. नुकताच बुंडेसलीगा, म्हणजे देशातली सर्वांत वरची लीग, जिंकलेला. ताफ्यात माटेउस, शॉल, हेल्मर, कार्लस्रूहेहून तेव्हाच आलेला ऑलिव्हर कान आणि मिलानहून आलेला जाँ-पिएर पापाँ. प्रशिक्षक जोवान्नी त्रापात्तोनी, तेही नुकतेच आलेले.

गावातल्या मैदानावर एवढी गर्दी मावणं शक्यच नव्हतं, म्हणून मॅच न्यूर्नबर्गच्या फ्रांकेन स्टेडियमवर हलवली. १४ ऑगस्ट १९९४. चोवीस हजारांच्या आसपास लोक आले. ज्या गावात दीड हजार माणसं, त्या गावाची मॅच बघायला! मध्यंतराला दोन मिनिटं उरली असताना, ४३व्या मिनिटाला, रोलांड श्टाइनने हेडरने गोल केला. मग अख्खा दुसरा हाफ बायर्न गोल शोधत राहिलं आणि तो मिळाला नाही. १-०.

आजोबा त्या दिवशी स्टेडियमवर होते. ते गोलबद्दल फारसं बोललेच नाहीत. ते शेवटच्या दहा मिनिटांबद्दल बोलत होते: घड्याळाकडे बघायचं नाही असं चौघा मित्रांनी ठरवलं होतं, आणि चौघंही बघत होते.

पेठेतला_बचावपटू

नाद खुळा! सकाळी सकाळी वाचून अंगावर काटा आला. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी तालमींची मंडळं. आधी तालीम, मग फुटबॉल. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठ ओस पडते. त्यामुळे गाव आणि क्लब यांचं नातं मला वेगळं समजावून सांगायला नको. पण ताई, एक सांगा, तिथं क्लब चालवतं कोण? पैसा कुठनं येतो? आमच्याकडं सीझन आला की कार्यकर्ते वर्गणीला बाहेर पडतात.

आइशकाठ

@पेठेतला_बचावपटू, तालमीचं उदाहरण फार नेमकं दिलंत. टीएसव्हीमधल्या 'टी'चा अर्थच मुळी व्यायाम. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीडरिश लुडविग यान यांनी बर्लिनच्या हाझेनहायडे मैदानावर १८११ साली व्यायामाची चळवळ सुरू केली. गावोगावी व्यायामशाळा निघाल्या. फुटबॉल इंग्लंडहून आला तो बराच नंतर, आणि जुन्या व्यायामवाल्यांना तो मुळीच आवडला नव्हता. तरी आज बहुतेक गावांत एकाच क्लबाच्या छपराखाली जिम्नॅस्टिक्स, टेबल टेनिस आणि फुटबॉल नांदतात.

इथे क्लब म्हणजे कायद्याने नोंदवलेली संस्था, 'फेराइन'. नोंदणीला किमान सात सभासद लागतात. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, अध्यक्ष निवडायचा, खजिनदाराने हिशेब वाचायचा, तपासनिसांनी तो बरोबर आहे म्हणायचं आणि हात वर करून मंजुरी द्यायची. मी दोन सभांना बसले आहे. गोलपोस्टची नवी जाळी घ्यायची की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि एकालाही ती चर्चा लहान वाटत नव्हती. मला ते फार आवडलं.

पैसा म्हणजे सभासदांची वर्षाची फी, मैदानाकडेच्या पाट्यांवर गावातल्या सुताराची नि बेकरीची जाहिरात, पालिकेची थोडी मदत, आणि मॅचच्या दिवशी विकलेले सॉसेज नि बिअर. मुलांच्या संघांसाठी आयांनी आणि बाबांनी केक करायचे, ते विकायचे, पैसे संघाच्या डब्यात. अकरा-बारा जर्सी एका पिशवीत भरून दर आठवड्याला एका घरी धुवायला जातात. माझी पाळी आली की दोरीवर एकाच रंगाच्या बारा जर्सी वाळताना बघून शेजारीण विचारते, "यंदा जिंकले का?"

प्रशिक्षक, रेषा मारणारे, गवत कापणारे, मुलांना गाडीतून दुसऱ्या गावी नेणारे, जवळजवळ सगळे विनामोबदला. देशात असे क्लब चोवीस हजारांच्या आसपास आहेत. टीव्हीवर दिसतो तो फुटबॉल या सगळ्यावर उभा आहे. लोथार माटेउसचंच बघा. ग्रॉइट ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातल्या हर्ट्सोगेनआउराखमध्ये तो वाढला. वडील पूमात कामाला, आणि तो खेळला पूमाच्या बाजूच्या १. एफसी हर्ट्सोगेनआउराख या क्लबात. दास्लर भावांचं भांडण होऊन आदिदास आणि पूमा असे दोन कारखाने झाले, तेव्हा गावातले दोन क्लबही वाटले गेले: एएसव्ही आदिदासकडे, १. एफसी पूमाकडे.

नेकरखोरं

सुंदर धागा. मी हाइलब्रोनला असतो, तर आमच्या बाजूचीही एक गोष्ट यात घालतो.

जर्मन कपमध्ये बुंडेसलीगातल्या संघाला घरी पाठवणारा पहिला हौशी क्लब म्हणजे व्हीएफबी एपिंगेन. एपिंगेन इथून गाडीने अर्ध्या तासावर. लाकडी चौकटींची जुनी घरं असलेलं सुबक गाव आहे. २६ ऑक्टोबर १९७४ ला हांबुर्ग तिथे आला आणि २-१ ने हरून परत गेला. दोन्ही गोल गेर्ड श्टोर्त्सरचे. हांबुर्ग काही लेचापेचा संघ नव्हता. कूनो क्लोत्सर प्रशिक्षक होते, आणि दोनच वर्षांनी याच संघाने जर्मन कप जिंकला, १९७७ मध्ये युरोपातला कपविजेत्यांचा कपही. एपिंगेन पुढची फेरीही जिंकलं आणि मग वेर्डर ब्रेमेनकडून बाद झालं.

हे १९७४ सालीच का घडलं, यालाही कारण आहे. तोपर्यंत कपच्या मुख्य फेरीत ३२च संघ असायचे. त्या मोसमापासून ते १२८ केले. दार उघडलं म्हणून एपिंगेनसारखे क्लब आत आले, आणि आत आले म्हणून हांबुर्गला त्यांच्या गावी जावं लागलं. आजही हौशी संघाला पहिल्या फेरीत घरच्या मैदानाचा मान मिळतो. एकेका प्रांताच्या कपचे विजेते राष्ट्रीय कपमध्ये जातात, त्यामुळे खेडेगावातला क्लबही मनात हिशेब मांडू शकतो: एवढ्या मॅच जिंकल्या की बायर्न आपल्याकडे.

आणि बघा, एपिंगेनने हांबुर्गला हरवलं ते १९७४, तुमचा ग्रॉइटचा क्लब जन्मला तेही १९७४.

आइशकाठ

@नेकरखोरं, ही जुळणी माझ्या लक्षातच आली नव्हती. आजोबांना नक्की सांगणार.

सडेतोड

लेख आवडला, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. दीड हजाराच्या गावातला क्लब वीस वर्षांत तिसऱ्या स्तरावर कसा पोचला? चहाच्या कंपनीचा पैसा होता म्हणूनच ना? मग याला हौशी क्लबाची गोष्ट का म्हणायचं? होफनहाइमचंही तेच. सिन्सहाइमजवळचं तीनेक हजारांचं खेडं, मागे उद्योगपती डीटमार होप यांचा पैसा, आणि २००८ मध्ये थेट बुंडेसलीगा. लाइपझिगमध्ये तर २००९ साली मार्क्रानश्टेट नावाच्या गावातल्या क्लबाची पाचव्या स्तरावरची जागाच घेऊन रेड बुल या पेयाच्या कंपनीने नवा संघ उभा केला. मला यात गाव कमी आणि हिशेबवही जास्त दिसते.

रानजाई

सडेतोड यांचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. पैसा होता म्हणून चांगले खेळाडू आले हे खरं. पण चोवीस हजार लोक पैशाने येत नाहीत. बाकी आइशकाठ सांगतीलच.

आइशकाठ

@सडेतोड, प्रश्न योग्य आहे आणि मीही तो आजोबांना विचारला होता. कंपनी नसती तर ग्रॉइट तिसऱ्या स्तरावर पोचलं नसतं. क्लबाची धुरा सांभाळणारे हेल्मूट हाक हे त्याच कंपनीतले वरिष्ठ अधिकारी. पण होफनहाइम आणि मार्क्रानश्टेट यांना एका माळेत घालू नये असं माझं मत आहे. होप स्वतः लहानपणी होफनहाइमकडून खेळले होते, आणि त्यांचा पैसा आला तेव्हा क्लब जिल्ह्याच्या लीगमध्ये होता. तिथून वर चढायला अठरा-एकोणीस वर्षं गेली. मार्क्रानश्टेटमध्ये चढण नव्हतीच, जागा हाती आली. आणि ग्रॉइटमध्ये कंपनी बाहेरून आलेली नव्हती. ती तिथलीच, गावातली माणसं तिथेच कामाला. आपल्याकडे साखर कारखान्याच्या गावात कुस्तीचं मैदान कारखाना भरवतो, तेव्हा ते गावाचं मैदान नाही असं आपण म्हणतो का?

पण तुमच्या प्रश्नाच्या मागे जी हळहळ आहे ती मला कळते, कारण पुढची गोष्ट त्याचीच आहे.

त्या मोसमात ग्रॉइटने कपमध्ये होम्बुर्गलाही हरवलं. तिसऱ्या फेरीत वोल्फ्सबुर्गकडून पेनल्टी शूटआउटवर हरले, आणि वोल्फ्सबुर्ग त्या वर्षी फायनलला गेलं. इतकं जवळ. बायर्नचंही सांगते, म्हणजे त्या १-०चं वजन कळेल: तोच संघ त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलपर्यंत गेला होता.

मग प्रश्न उभा राहिला, पुढे काय? दुसऱ्या स्तरावर जायचं तर मोठं स्टेडियम हवं, प्रेक्षक हवेत, रेल्वे हवी, हॉटेलं हवीत. दीड हजाराच्या गावात ते उभं करणं कुणालाच शक्य नव्हतं. तिकडे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर फ्यूर्ट शहरात स्पीलफेराइनिगुंग फ्यूर्ट हा क्लब होता. १९०३चा, तीन वेळा जर्मनीचा विजेता: १९१४, १९२६, १९२९. १९१०पासूनचं रोनहोफ मैदान, निष्ठावंत प्रेक्षक, मोठं नाव आणि रिकामी तिजोरी. दोघेही त्या वेळी एकाच प्रादेशिक लीगमध्ये खेळत होते. एकाकडे नाव, दुसऱ्याकडे पैसा आणि शिस्त. १ जुलै १९९६ ला ग्रॉइटचा फुटबॉल विभाग फ्यूर्टमध्ये सामील झाला आणि नवं नाव पडलं: ग्रॉइटर फ्यूर्ट. हाक अध्यक्ष झाले, ते २०१८ पर्यंत.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, नवा क्लब दुसऱ्या बुंडेसलीगात पोचला. २०१२ मध्ये पहिल्या बुंडेसलीगात. तो मोसम मात्र कठीण गेला. घरच्या मैदानावर एकही मॅच जिंकता आली नाही, असं बुंडेसलीगात आधी कुणाचंच झालं नव्हतं. फ्यूर्टला जन्मलेले आणि लहानपणापासून या क्लबावर जीव असलेले अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर त्या शरदात शाल्केविरुद्धची मॅच बघायला खास आले होते. १९३८ मध्ये, पंधरा वर्षांचे असताना, ज्यू म्हणून त्यांच्या कुटुंबाला हे शहर सोडावं लागलं होतं. २०२१ मध्ये क्लब पुन्हा एकदा वर गेला.

हिशेबाने पाहिलं तर विलीनीकरण यशस्वी. पण बायर्नला हरवल्यावर दोन वर्षं पुरती भरायच्या आत ग्रॉइटचा तो संघ त्या नावाने उरला नाही. हे मला अजून पचत नाही.

रानजाई

न्यूर्नबर्गची मॅच वाचताना मला एक जुनी हकीकत आठवली. न्यूर्नबर्ग आणि फ्यूर्ट ही शहरं एकमेकांना चिकटलेली, जर्मनीतली पहिली रेल्वे १८३५ मध्ये या दोन शहरांतच धावली, आणि फुटबॉलमध्ये मात्र एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एप्रिल १९२४ मध्ये जर्मनीचा राष्ट्रीय संघ हॉलंडविरुद्ध खेळायला अॅमस्टरडॅमला गेला, तेव्हा सगळे खेळाडू याच दोन क्लबांचे होते. दोन्ही गट एकाच गाडीत वेगवेगळ्या डब्यांतून गेले. मॅच १-० जिंकली, गोल फ्यूर्टच्या आउअरचा, आणि त्याचं अभिनंदन करायला फक्त फ्यूर्टवाले धावले.

आणि त्याच न्यूर्नबर्गच्या स्टेडियमवर, सत्तर वर्षांनी, ज्या गावाचं नाव पुढे फ्यूर्टला जोडलं जायचं होतं, त्या गावाने बायर्नला हरवलं! फ्यूर्टच्या जुन्या लोकांना हे नवं नाव रुचलं का?

आइशकाठ

सगळ्यांना नाही. स्टँडमध्ये अजून बरेच जण नुसत्या 'फ्यूर्ट'च्याच घोषणा देतात, 'ग्रॉइटर' हा शब्द गाळून. त्यांचा राग मी समजू शकते. नव्वद वर्षांच्या क्लबाच्या नावापुढे एका खेड्याचं नाव येऊन बसलं. पण ग्रॉइटच्या बाजूने बघा. त्यांच्याकडे फक्त हा एक शब्द उरला.

पेठेतला_बचावपटू

हे वाचून कसंतरी झालं. उद्या आमच्या पेठेचं नाव दुसऱ्या पेठेच्या मंडळाला जोडलं तर दोन्हीकडं चूल पेटायची नाही. ताई, तुम्ही जाऊन आलात म्हणालात. आता तिथं काय आहे? मैदान आहे का?

आइशकाठ

आहे. गावाच्या वरच्या अंगाला, श्वाल्बेनबर्गवर. श्वाल्बे म्हणजे पाकोळी, पाकोळ्यांची टेकडी. फ्यूर्टचा दुय्यम संघ विलीनीकरणानंतर काही काळ तिथेच खेळत असे. मी गेले तो रविवार होता, ढगाळ. आजोबांना सोबत घेतलं होतं. मैदान एवढं नेटकं की रेषा बघून ते थांबले, वाकले आणि बोट लावून बघितलं. "ताजी आहे," म्हणाले. बराच वेळ आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. मैदानावर कुणी नव्हतं. त्यांनी मला दाखवलं, तळाच्या वर्गात असताना प्रेक्षक कुठे उभे राहायचे, पाऊस आला की कुठे पळायचे.

येताना त्यांनी एक वस्तू दाखवली. कोटाच्या आतल्या बाजूला लावलेला ग्रॉइटर फ्यूर्टचा जुना बिल्ला. फ्यूर्टचं चिन्ह तीन पानांचं, गवतातली तिपानी. १९९६ मध्ये नवा क्लब झाला तेव्हा त्या पानांबरोबर एक लाकडी जोडा काढला होता, तो ग्रॉइटचा. २०१७ मध्ये चिन्ह बदललं आणि जोडा गेला, आता नुसती पानं आहेत. आजोबांनी नवा बिल्ला घेतलेला नाही.

सडेतोड

माझा वरचा प्रश्न मागे घेत नाही, पण जोड्याचं वाचून गप्प झालो. पुढच्या वेळी जाल तेव्हा मैदानाचा फोटो टाका.

आइशकाठ

नक्की टाकते. एप्रिल संपायच्या आत जायचं ठरलंय, म्हणजे कार्पही खाता येईल. @नेकरखोरं, एपिंगेनची मॅच आजोबांना सांगितली. त्यांना ती माहीत होती. श्टोर्त्सर हे नावही माझ्या आधी त्यांनीच घेतलं.